सातव्या इनिंगला कोण?

प्रश्न : ताई, मी मूळचा नाशिकचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. उन्हाळा मुलाकडे सिएटलजवळ काढतो. जन्म क्रिकेट बघण्यात गेला, पण इथे रात्रीच्या जेवणाला टीव्हीवर मॅरिनर्स (सिएटलचा बेसबॉल संघ) हेच असतात, त्यामुळे आता मलाही त्यांचं वेड लागलंय. सध्या घरात वाद पेटलाय. नातू म्हणतो, ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपायच्या आत एक तगडा रिलीफ पिचर (सुरुवातीच्या पिचरनंतर चेंडू टाकणारा) आणलाच पाहिजे, हवी तर दोन-तीन होतकरू पोरं देऊन टाका. मुलगा एवढंच म्हणतो, "पुन्हा स्लोकम्ब करायचाय का?" आणि ताटात डोकं घालतो. हा स्लोकम्ब कोण? आणि शेवटच्या षटकांचा एक गोलंदाज हंगामाच्या मध्यावर आणण्यात एवढं अवघड काय आहे?
— एक आजोबा, बॉथेल

उत्तर : आजोबा, आधी स्लोकम्बचं सांगते. ते कळल्याशिवाय तुमच्या मुलाचं ताटात डोकं घालणं कळायचं नाही.

1997 चे मॅरिनर्स म्हणजे काय संघ होता! केन ग्रिफी ज्युनियरचे त्या वर्षी 56 होमरन. रँडी जॉन्सनचे 20 विजय आणि फक्त 4 पराभव. शिवाय एडगर मार्टिनेझ, तरुण अॅलेक्स रॉड्रिगेझ. फक्त बुलपेन (रिलीफ पिचरांचा ताफा) गळकं. सहा इनिंग झाल्या आणि सुरुवातीचा पिचर बाहेर गेला की आमच्या पोटात गोळा यायचा. मग 31 जुलैला, मुदतीच्या दिवशीच, बॉस्टनकडून रिलीफ पिचर हीथक्लिफ स्लोकम्ब आला. आदल्या वर्षी त्याच्या नावावर 31 सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय) होते, म्हणजे नाव मोठं. पण त्या वर्षी बॉस्टनमध्ये तो पाच हरला होता, एकही जिंकला नव्हता, आणि दर नऊ इनिंगमागे 5.79 धावा देत होता. हे काही गुपित नव्हतं, रोजच्या वर्तमानपत्रात छापून येत होतं.

त्याच्या बदल्यात गेले जेसन व्हॅरिटेक आणि डेरेक लो. व्हॅरिटेक कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा), पण आपल्याकडे डॅन विल्सन ठाण मांडून असल्यामुळे त्याला वर, मुख्य संघात, जागा नव्हती. लो नुकताच वर आलेला पिचर. मॅरिनर्सनी आपला विभाग (लीगमधला गट) जिंकला आणि पहिल्याच फेरीत बाल्टिमोरकडून हरले. इकडे बॉस्टनमध्ये 2002 साली लोनं नो-हिटर (एकही हिट न देता पुरा सामना) टाकला, तेव्हा समोर कॅचर व्हॅरिटेकच. 2004 मध्ये बॉस्टननं 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद, जिंकली आणि त्या पोस्टसीझनच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) तिन्ही फेऱ्यांतला निर्णायक विजय लोच्या नावावर लागला. मॅरिनर्स अजून वर्ल्ड सिरीजमध्ये पोचायचेत. तेव्हा तुमच्या मुलाच्या पिढीनं ताकही फुंकून प्यावं, यात नवल नाही.

गंमत म्हणजे हेच बॉस्टन त्या सौद्याच्या सात वर्षं आधी स्वतः असंच लुटलं गेलं होतं. ऑगस्ट 1990 मध्ये त्यांनी ह्यूस्टनकडून रिलीफ पिचर लॅरी अँडरसन घेतला. अँडरसननं सांगितलेलं काम चोख केलं, 22 इनिंगमध्ये जेमतेम तीन धावा दिल्या. बॉस्टननं विभागही जिंकला. मग ओकलंडनं त्यांना चार-शून्य असं गुंडाळलं, आणि हंगाम संपल्यावर अँडरसन दुसऱ्या संघात गेला. त्याच्या बदल्यात दिलेला पोरगा होता जेफ बॅगवेल. ह्यूस्टनसाठी 449 होमरन, आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. मला स्लोकम्बपेक्षा ही गोष्ट जास्त बोचते, कारण इथे माणूस चुकीचा निवडलाच नव्हता. सगळं बरोबर झालं, तरी हाती काही आलं नाही.

अवघड आहे ते हेच. जुलैअखेर आणलेला रिलीव्हर हंगाम संपेपर्यंत टाकून टाकून वीस-पंचवीस इनिंग टाकतो. दोन रात्री वाईट गेल्या की आटोपलं. 2025 मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी सेंट लुईसचा क्लोझर (शेवटची इनिंग टाकणारा) रायन हेल्सली आणला. तिथे तो नऊ इनिंगमागे तीन धावा देत होता. मेट्सकडे 20 इनिंग टाकल्या आणि तोच आकडा 7.20 वर गेला. मेट्सचं पोस्टसीझन शेवटच्या दिवशी हुकलं. त्याच मुदतीत सॅन डिएगोनं मेसन मिलरसाठी लिओ डे व्रीस दिला, वय अवघं 18, साऱ्या बेसबॉलमधल्या सर्वात होतकरू पोरांतला एक. मिलरनं ऑक्टोबरमध्ये शिकागो कब्जच्या फलंदाजांची अक्षरशः दाणादाण उडवली. संघ तरी पहिल्याच फेरीत घरी गेला. आघाडी असेल तर रिलीव्हर ती राखतो. धावा कुठून आणणार तो?

आता नातवाची बाजू. त्याला शिकागो कब्ज माहीत असणारच. 2016 च्या जुलैत त्यांनी यँकीजकडून आरोल्डिस चॅपमन घेतला आणि त्यासाठी ग्लेबर टोरेससकट चार जण दिले. घरगुती हिंसाचाराच्या नियमाखाली चॅपमन त्याच वर्षी 30 सामने निलंबित होता, त्यामुळे कब्जच्या कित्येक चाहत्यांना तो नकोच होता, आणि मला त्यांचं पटतं. पण खेळापुरतं बोलायचं तर 1908 नंतर पहिल्यांदा कब्जनी वर्ल्ड सिरीज जिंकली. सातव्या सामन्यात आठव्या इनिंगला चॅपमननंच राजाय डेव्हिसला होमरन देऊन सामना बरोबरीत आणला होता, हेही लक्षात ठेवा. आदल्या दोन सामन्यांत त्याला इतकं पिळून काढलं होतं की चेंडूचा वेग उतरलेला साध्या डोळ्यांना दिसत होता. टोरेस पुढे यँकीजकडून ऑल-स्टार झाला. तरी शिकागोत कुणाला विचारा, हा सौदा परत कराल का? 108 वर्षं वाट पाहिलेला माणूस 'हो'च म्हणणार.

मग सिएटलनं काय करावं? एक हात, म्हणजे पिचर, जरूर आणावा, पण पहिल्या रांगेतल्या पोरांना हात लावू नये. कारण आपल्याकडे रिलीव्हर घडवण्याची हातोटी आहे. पॉल सिवॉल्ड मेट्सनी सोडून दिलेला, 2021 मध्ये मायनर लीगच्या (दुय्यम स्तराच्या) करारावर इथे आला आणि क्लोझर झाला. आंद्रेस मुन्योस 2020 च्या ट्रेडमध्ये सॅन डिएगोकडून आला, तेव्हा त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया होऊन काही महिनेच झाले होते आणि त्या वर्षी तो एक चेंडूही टाकणार नव्हता. आज नववी इनिंग त्याची. चांगला रिलीव्हर असाच मिळतो, लोकांचं लक्ष नसताना.

उलट्या दिशेनंही आपण हात पोळून घेतलेत. 2021 मध्ये ऐन शर्यतीत असताना क्लोझर केंडल ग्रेव्हमन ह्यूस्टनला दिला, तोही आपल्याच विभागात. खेळाडू भडकले. 90 सामने जिंकूनही पोस्टसीझन दोन सामन्यांनी हुकलं. 2023 मध्ये सिवॉल्डला अॅरिझोनाकडे पाठवलं. अॅरिझोना वर्ल्ड सिरीजमध्ये आणि आपण एका सामन्यानं बाहेर. एका रिलीव्हरमुळेच हे झालं असं म्हणणं ताणल्यासारखं होईल, पण संघ शर्यतीत असताना बुलपेनमधून माणूस काढायचा नसतो एवढं मी ठामपणे म्हणेन.

एक हात आणा म्हणते, ते आणखी एका कारणानं. नातवाला घेऊन टी-मोबाइल पार्कला गेलात तर सहाव्या इनिंगला डावीकडच्या बुलपेनच्या कठड्याशी जाऊन उभे राहा. (तिथे भाजलेले टोळही विकतात. नातू खाईल, तुम्ही नका खाऊ.) फोन वाजतो. एक पिचर जर्सीवरचं जाकीट काढतो, दहा-पंधरा चेंडू टाकतो, तोवर मैदानावर डबल प्ले (एका चेंडूवर दोन बाद) होतो आणि तो परत बसतो. पुढच्या इनिंगला पुन्हा उठतो, पुन्हा टाकतो, पुन्हा बसतो. त्या रात्री सामन्यात त्याचं नावही येत नाही. माझ्या स्कोअरबुकात त्या चेंडूंना रकाना नाही, पण हाताला ते मोजावेच लागतात. ऑगस्टपर्यंत असे चेंडू साठत जातात आणि मग सप्टेंबरात लोक विचारतात, याला अचानक काय झालं? बाहेरून आलेला एक मध्यम दर्जाचा, पण ताजा हात इतर तिघांना बसू देतो.

आणि राहिली गेल्या ऑक्टोबरची जखम. 20 ऑक्टोबर 2025, टोरोंटो, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीचा सातवा सामना, आपण 3-1 नं पुढे. सातव्या इनिंगला दोन धावपटू बेसवर आणि समोर जॉर्ज स्प्रिंगर. आणला एदुआर्द बझार्डो. स्प्रिंगरनं चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला, 4-3, संपलं. मुन्योस तेव्हा बुलपेनमध्येच होता. बझार्डोचा मला राग नाही, वर्षभर त्या पोरानं खूप ओझं वाहिलं. पण सामना सातव्यात जात असताना सर्वात चांगला पिचर नवव्यासाठी राखून ठेवायचा, यावर कुठलाही ट्रेड हा इलाज नाही. आणि निर्णय घेणारा मॅनेजर कोण? डॅन विल्सन. होय, तोच, ज्याच्यामुळे व्हॅरिटेकला जागा नव्हती.

तेव्हा नातवाला म्हणावं, माणूस मागा, पण चांगला पिचर सातव्यात आणायची तयारी आधी मागा.

प्रश्न : ट्रेडच्या बातम्यांमध्ये रिलीव्हरचे इतके आकडे देतात, मी नेमका कुठला बघू? बाबा फक्त सेव्ह बघतात.
— इयत्ता दहावी, बेलव्ह्यू

उत्तर : सेव्ह सोड. तो संधीचा आकडा आहे. मॅनेजर ज्याला नवव्या इनिंगला बोलावतो त्याला सेव्ह मिळतात, स्लोकम्बलासुद्धा मिळाले. नऊ इनिंगमागच्या धावाही फसव्या. 20 इनिंग टाकलेल्यानं एका रात्री चार धावा दिल्या की त्या चारांनीच आकड्यात 1.80 ची भर पडते. शिवाय दुसऱ्यानं बेसवर ठेवलेले धावपटू यानं घरी जाऊ दिले तर त्या धावा आधीच्याच्या खात्यात जातात, हा साळसूद. शंभर फलंदाजांपैकी किती जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि किती जणांना फुकट वॉक (चार वाईट चेंडूंवर पहिला बेस) दिला, हे दोन आकडे शेजारी ठेव. मग वेग बघ, एप्रिलचा आणि जुलैचा. एक-दीड मैलानं उतरला असेल तर तो संघ त्याला विकायला का निघालाय, ते तुझं तुलाच कळेल. बाबांनाही दाखव.

प्रश्न : सामना चालू असताना ट्रेड झालेल्या पिचरला मिठी मारून निरोप देताना पाहिलं आणि फार वाईट वाटलं. त्यांना 'नाही' म्हणता येत नाही का? बायकामुलांचं काय होतं?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : बहुतेकांना नाही म्हणता येत. मेजर लीगमध्ये दहा वर्षं झाली असतील आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात, तर ट्रेड नाकारायचा हक्क मिळतो. किंवा करारातच तसं कलम लिहून घ्यावं लागतं, आणि ते मोठ्या नावांनाच मिळतं. रिलीव्हर एका जागी पाच वर्षं टिकणं मुळात दुर्मीळ. तो दुसऱ्या दिवशी नव्या गावी जातो, हॉटेलात राहतो. घर आवरणं, भाडेकरार मोडणं, मुलांच्या शाळा, गाडी पाठवणं हे सगळं बायको करते.