साखरपुड्याची अंगठी आणि प्रयोगशाळेतला हिरा

प्रश्न : मुलीच्या साखरपुड्यासाठी प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्याची अंगठी घ्यायची आहे. सराफांनी दोन खडे दाखवले. पहिला दीड कॅरेट वजनाचा आहे, तर दुसरा एक कॅरेटचा असून त्याचे पैलू अधिक चांगले असल्याचे ते सांगतात. कोणता घ्यावा?

उत्तर : आमचा कौल दुसऱ्या खड्याला आहे. हिऱ्याचे तेज वजनापेक्षा पैलूंच्या प्रमाणबद्धतेवर अवलंबून असते, आणि खोलगट कापलेल्या खड्यात बरेचसे वजन तळाशी दडून राहते. म्हणून कॅरेटबरोबर व्यासही विचारावा. उत्तम कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटरचा भरतो.

दुकानातील झगमगाटात कोणताही खडा खुलतो. तो पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात बाजूने पाहावा. सीव्हीडी पद्धतीच्या, म्हणजे वायूतील कार्बनचे थर साचवून वाढवलेल्या, हिऱ्यात कधी तपकिरी झाक असते, तर उच्च दाब आणि उच्च तापमानात घडवलेल्या हिऱ्यात निळसर. प्रमाणपत्रावर ही झाक नोंदलेली असेलच असे नाही, त्यामुळे येथे स्वतःच्या डोळ्यांवर भिस्त ठेवावी.

प्रमाणपत्र आयजीआय किंवा जीआयए यांसारख्या हिरे तपासणाऱ्या संस्थेचे असावे. त्यावरील क्रमांक खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असल्यास तो दहापट भिंगातून ताडून पाहावा. सराफांनी याला आढेवेढे घेतले, तर दुसरे दुकान गाठावे. मोडीच्या वेळी या हिऱ्याला फारच कमी किंमत येते, तेव्हा गुंतवणूक म्हणून तो घेऊ नये.