वाचक विचारतात: बाख, आठ गळे आणि एक डबल बेस

प्रश्न: पॅरिसच्या स्विंगल सिंगर्स या गटाने जॅझच्या ढंगात गायलेला १९६३ सालचा बाखचा अल्बम ऐकून आमच्या चर्च क्वायरमधल्या आठ जणांनी त्यातली सी मायनर फ्यूग (एकच धून एकामागून एक आवाजांत येत जाते अशी रचना) बसवायला घेतली आहे. स्टाफ नोटेशन सगळ्यांना वाचता येतं. स्वर बरोबर येतात, पण झोका (स्विंग) येत नाही. घाईघाईने सराव उरकतोय असं वाटतं. शिवाय शेवटापर्यंत सूर खाली उतरलेला असतो. कुठे चुकतंय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: बहुधा तुम्ही बार (तालाचा एक खंड) चार मात्रांचा मोजताय. गटाचा संस्थापक वॉर्ड स्विंगलने बाखचे स्वर जवळजवळ जसेच्या तसे ठेवले, बदललं ते वजन. तेव्हा बाखच्या क्वेव्हरला (बारच्या आठव्या भागाला) एक मात्रा धरा आणि बार आठ मात्रांचा मोजा. मग सेमीक्वेव्हरच्या (क्वेव्हरच्या निम्म्या स्वरांच्या) जोड्या जॅझच्या झुलत्या जोड्या होतात: पहिला स्वर लांब, दुसरा आखूड.

आता विषय, म्हणजे फ्यूगची मूळ धून, बघा. पहिली मात्रा रिकामी. दुसरीवर सी-बी ही जोडी, तिसरीवर सी, चौथीवर जी, पाचवीवर ए फ्लॅट, सहावीवर पुन्हा सी-बी. म्हणजे दोन्ही जोड्या सम मात्रांवर पडतात, आणि ड्रमरचा हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) तिथेच मिटतो. म्हणून मेट्रोनोमचा ठोका दोन, चार, सहा, आठवर येऊ द्या, एकवर नको. सुरुवातीला दोन दिवस सगळे गडबडतील, चालायचंच. क्वेव्हर मिनिटाला १०० पासून सुरू करा आणि १५० च्या आसपास थांबा. संथ लयीत लांब-आखूड प्रमाण दोनास एक ठेवा. लय वाढेल तसं ते जवळजवळ सारखं होत गेलं पाहिजे. जलद लयीतही दोनास एक ओढत राहिलात, तर घोडा दुडक्या चालीने निघाल्यासारखं होतं. हौशी गटांची सगळ्यात मोठी चूक हीच.

अक्षरं आधी ठरवा आणि प्रत्येकाच्या कागदावर स्वरांखाली लिहा. जोडीला ‘दा-ब’, सुट्या स्वराला ‘दा’, लांब स्वराला ‘दू’. एकाने ‘दा’ आणि शेजारच्याने ‘डा’ म्हटलं की सेमीक्वेव्हरची धार बोथट होते. आवाजाला कंप अजिबात नको.

ही फ्यूग ३१ बारची आणि तीनच आवाजांची आहे. आठ जणांत ती वाटताना टेनरना (पुरुषांचा वरचा आवाज) काम उरत नाही. विषय पहिल्यांदा मधल्या आवाजात येतो, तो आल्टोंना (स्त्रियांचा खालचा आवाज) द्या. तिसऱ्या बारला सोप्रानो, सातव्याला बास. मधला आवाज खाली उतरला की आल्टोंनी तो टेनरांकडे सोपवायचा, पण वाक्य संपेल तिथेच, अधेमधे नाही. शेवटी बासमध्ये खालचा सी धरलेला आहे. तो बहुतेकांच्या गळ्यात बसत नाही, तेव्हा गायकांनी वरच्या सप्तकातला घ्यावा, खालचा डबल बेस वाजवेल. ज्याच्याकडे विषय आहे त्याने पुढे यायचं आणि बाकीच्यांनी अर्ध्या आवाजावर जायचं. सगळेच मुख्य झाले तर फ्यूग ऐकूच येत नाही.

सूर उतरतो तो त्या सी-बी-सीमुळे. बी सीला चिकटून हवा. तो जरा सैल पडला की पुढचा सी त्याच्याबरोबर खाली येतो, आणि एकट्या विषयात हे तीनदा घडतं. बी वर काट्याची खूण करून ‘वर’ असं लिहा. सरावाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावू नका. तिसऱ्या बारलाच उत्तर, म्हणजे दुसऱ्या आवाजातला विषय, जी मायनरकडे जातं, पुढे ई फ्लॅट मेजरही येतो. सीचा षड्ज कानाला गोंधळात टाकेल. दर चार बारनंतर पियानोवर तपासा.

आणि चर्चमध्ये सराव नको! घुमणाऱ्या वास्तूत सेमीक्वेव्हर एकमेकांत मिसळतात, ते भरून काढायला गायक जोर लावतात आणि जोर आला की झोका गेला. पडदे, सतरंजी असलेली साधी खोली घ्या. शक्य असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र माइक, तोंडापासून आठ-दहा सेंटिमीटरवर, किंचित तिरका, म्हणजे ‘ब’ फुटणार नाही. बोलण्याइतक्याच हलक्या आवाजात गा. त्या रेकॉर्डचा सगळा मऊपणा तिथून येतो.

फ्यूग जड वाटली तर त्याच अल्बममधलं सी मेजर इन्व्हेन्शन (कीबोर्डची छोटी रचना) आधी बसवा. २२ बार, दोनच आवाज.

प्रश्न: जुन्या बाजारात ‘जॅझ सेबॅस्टियन बाख’ आणि ‘बाख्स ग्रेटेस्ट हिट्स’ अशा दोन एलपी मिळाल्या. दोन्ही घ्याव्यात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: एकच घ्या. पहिलं नाव फ्रान्समधलं, दुसरं अमेरिकेतलं, ध्वनिमुद्रण एकच. मात्र फ्रेंच नावापुढे दोनचा आकडा असेल तर तो १९६८ चा वेगळा अल्बम. ‘बाख हिट्स बॅक’ (१९९४) हाही वेगळा. १९७३ मध्ये पॅरिसचा गट मोडल्यावर स्विंगलने लंडनमध्ये नवा गट उभा केला होता, त्याच परंपरेतला हा अल्बम. त्यात वाद्यं नाहीत, बेस आणि ड्रमही तोंडाने. डबल बेससोबत गायचं असेल तर त्याची नक्कल करू नका.

प्रश्न: यात उपज नाही, सगळं लिहिलेलं. मग याला जॅझ का म्हणायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमची शंका रास्त आहे. त्याच काळात लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस हे तिघे वाद्यांच्या उपजेला शब्द लावून गात होते. त्यांच्यासमोर पॅरिसची ही मंडळी फार सभ्य वाटतात. पण इथे जॅझ आहे तो उच्चारात आणि लयीच्या वजनात. मुळात स्टुडिओत पार्श्वगायन करणाऱ्या या लोकांनी बाखचे कीबोर्डचे तुकडे हाती घेतले ते वाचनाच्या सरावासाठी, आणि झोका आपोआप आला. आमच्या मते सलग ऐकताना ड्रमचं ब्रशकाम एकसुरी होतं. ‘आर्ट ऑफ फ्यूग’मधल्या तुकड्यात मात्र ते खपून जातं, कारण खाली पिएर मिशेलोचा डबल बेस आहे. संथ ‘एअर’ ऐकताना गटातल्या सोप्रानो क्रिस्तियान लग्रांचा पहिला लांब स्वर ऐका: कंप नाही, वाढवणं नाही, खाली बेस पावलं टाकत जातो तसा तो नुसता धरून ठेवलेला. उपजच हवी असेल तर १९६६ चा ‘प्लास व्हाँदोम’ घ्या. तिथे मॉडर्न जॅझ क्वार्टेट हा वाद्यगट सोबतीला आहे, आणि व्हायब्राफोनवर मिल्ट जॅक्सन.