साडेसात वर्षांच्या मुलीला पियानोच्या परीक्षेसाठी किती रेटावे?

आपला प्रश्न मी असा समजले: मुलगी साडेसात वर्षांची आहे, बाणेरमधल्या एका क्लासमध्ये दोन वर्षे पियानो शिकते आहे, लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाच्या इनिशियल (पहिल्या ग्रेडच्या आधीची) आणि ग्रेड १ या दोन्ही परीक्षांत तिला डिस्टिंक्शन मिळाले आहे. आता क्लासचे म्हणणे असे की ग्रेड २ गाळून यंदा थेट ग्रेड ३ द्यावी, कारण तिच्या बरोबरीची मुले पुढे गेली आहेत. घरी मात्र रोज संध्याकाळी सरावाला बसवताना रडारड होते. रेटत राहावे की थांबावे, आणि थांबलो तर तिला अर्धवट सोडून देण्याची सवय लागेल का, असे आपण विचारले आहे.

उत्तर आधी सांगते. यंदा तिला कोणत्याही ग्रेडला बसवू नका, पण पियानो बंद करू नका. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपल्याकडे त्या एकच मानल्या जाऊ लागल्या आहेत, हेच मला या सगळ्या प्रकारातले सर्वांत मोठे नुकसान वाटते. मी कोथरूडमध्ये बरीच वर्षे लहान मुलांना पियानो शिकवते, स्वतः याच परीक्षा देत शिकले आणि आजही माझे विद्यार्थी परीक्षेला बसतात. तेव्हा माझा विरोध परीक्षेला नाही, परीक्षेचा अभ्यासक्रम हाच वर्षभराचा अभ्यासक्रम करण्याला आहे.

परीक्षेचे गुण कसे मिळतात हे पालकांना सहसा कोणी उलगडून सांगत नाही, म्हणून तेवढे सविस्तर लिहिते. असोसिएटेड बोर्ड या लंडनच्या परीक्षा मंडळाची, म्हणजे एबीआरएसएमची, प्रात्यक्षिक परीक्षा १५० गुणांची असते. तीन पीसेसना, म्हणजे आधी तयार केलेल्या रचनांना, प्रत्येकी ३० प्रमाणे ९० गुण, स्केल्सना, म्हणजे ओळीने चढत-उतरत वाजवायच्या स्वरांना, २१, साइट-रीडिंगला २१ आणि ऑरलला, म्हणजे ऐकून उत्तरे देण्याला, १८. उत्तीर्ण होण्यासाठी १००, मेरिटसाठी १२० आणि डिस्टिंक्शनसाठी १३० गुण लागतात, आणि प्रत्येक विभागात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागत नाही. आता समजा एका मुलीने तिन्ही पीसेस घोटून घोटून प्रत्येकी २८ गुण मिळवले, स्केल्समध्ये १९ आणि ऑरलमध्ये १६ मिळवले, आणि साइट-रीडिंगमध्ये, म्हणजे पूर्वी न पाहिलेले चार-आठ बार (स्वरलिपीतले छोटे भाग) समोर ठेवल्यावर वाचून वाजवण्यात, तिला ११ च गुण पडले. त्या विभागात उत्तीर्णतेची पातळी १४ ची आहे, म्हणजे तिथे ती कमी पडली. तरी बेरीज बरोबर १३० होते आणि तिला डिस्टिंक्शन मिळते. ट्रिनिटी कॉलेज लंडन या दुसऱ्या मंडळाच्या परीक्षेत तर ग्रेड ५ पर्यंत साइट-रीडिंग, ऑरल, इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल ते वाजवणे) आणि संगीतविषयक प्रश्न या चारांपैकी कोणतेही दोनच निवडायचे असतात, त्यामुळे साइट-रीडिंगला हात न लावताही पाचवी ग्रेड पार करता येते. एबीआरएसएमने २०२० पासून सुरू केलेल्या परफॉर्मन्स ग्रेडमध्ये चार पीसेस सलग वाजवून व्हिडिओ पाठवायचा असतो. तिथे स्केल्स नाहीत आणि साइट-रीडिंगही नाही. या रचनेत मंडळांचा काही दोष आहे असे मी म्हणत नाही. ज्याला रंगमंचावर वाजवणे आवडते अशा मुलासाठी परफॉर्मन्स ग्रेड उत्तमच आहे. पण जो क्लास घाईत आहे, त्याला वाचन टाळून पुढे जाण्याची वाट इथे आयती मिळते, एवढे पालकांनी ओळखले पाहिजे.

त्याचा परिणाम मी पुन्हा पुन्हा पाहते. दहा वर्षांचे मूल ग्रेड ५ चे डिस्टिंक्शन घेऊन माझ्याकडे येते. मी म्हणते, तुला आवडेल ते वाजव. ते शेवटच्या परीक्षेतले पीसेस वाजवते, आणि ते सुंदर वाजवते. त्याआधीच्या ग्रेडचे काही येते का विचारले तर येत नाही, कारण परीक्षा झाली त्या दिवशी ते पुस्तक कपाटात गेले. मग मी दुसऱ्या ग्रेडच्या पातळीचे, त्याने कधी न पाहिलेले एक पान समोर ठेवते आणि ते मूल प्रत्येक स्वर बोटाने मोजत शोधू लागते. पाच वर्षांत त्याच्या हातून पंधरा-वीस पीसेस गेलेले असतात. एखाद्या मुलाकडून दरवर्षी मराठीच्या पुस्तकातले तीनच धडे पाठ करून घेतले, ते त्याने खणखणीत आवाजात म्हणून दाखवले, आणि तरीही गोष्टीचे नवे पुस्तक त्याला उघडून वाचता आले नाही, तर त्याला वाचता येते असे आपण म्हणणार नाही. पुण्यात ज्या घरांत गाणे आहे त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षांसाठी वहीत लिहून दिलेले आलाप आणि पाठ केलेल्या ताना म्हणून मुले उत्तम गुण मिळवतात, आणि त्याच रागात दोन नवे सूर लावून बघ म्हटले की गप्प होतात. तिथले जाणते गुरू याबद्दल पालकांना सावध करतात. पियानोच्या क्लासमध्ये मात्र हे बोलले जात नाही, कारण दारावरच्या अभिनंदनाच्या फलकावर डिस्टिंक्शन मिळवलेल्या मुलांचे फोटो लावायचे असतात.

रडण्याबद्दल आता. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. ज्या बालवाडीतल्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांच्यापैकी काहींना सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र आधी न सांगता नंतर दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात तीच पेने समोर ठेवली, तेव्हा प्रमाणपत्राच्या कबुलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या निम्म्याच्या आसपास वेळ चित्रांत रमली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नाही. प्रयोग चित्रांचा आहे आणि ती मुले आपल्या मुलीहून लहान होती, हे मान्य. पण दोन वर्षांत दोन प्रमाणपत्रे आणि तिसऱ्याची तयारी, असाच ज्या मुलीचा पियानोशी संबंध आला आहे, तिला पियानोपाशी बसायचे कारण आता प्रमाणपत्राखेरीज काही उरले आहे का, हा विचार आपण नक्की करावा.

याचा अर्थ सराव नको असा मुळीच नाही. जॉन स्लोबोडा, जेन डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये वाद्य शिकणाऱ्या २५७ मुलांचा अभ्यास करून १९९६ साली जे मांडले, ते रेटणाऱ्या आणि न रेटणाऱ्या दोन्ही पालकांनी ऐकण्यासारखे आहे. एका ग्रेडपासून पुढच्या ग्रेडपर्यंत पोहोचायला लागणारे सरावाचे तास, खूप पुढे गेलेल्या मुलांना आणि मध्येच सोडून दिलेल्या मुलांना, साधारण सारखेच लागले होते. हुशार मूल कमी तासांत ग्रेड चढते, ही आपली समजूत त्यात टिकत नाही. म्हणजे क्लास जेव्हा दोन ग्रेड एका वर्षात करू म्हणतो, तेव्हा ते तास कुठून तरी येणार असतात, आणि साडेसात वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ते तिच्या खेळण्याच्या वेळातून येतात, नाहीतर तीन पीसेस सोडून बाकी सगळे शिकणे कापून येतात. त्याच संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. चांगली प्रगती केलेल्या मुलांचे पालक सुरुवातीच्या काळात शिकवणीच्या वेळी हजर राहत, शिक्षकांशी बोलत आणि घरच्या सरावात लक्ष घालत. पालकांचा सहभाग हवाच. तो शेजारी बसण्याचा हवा.

शरीराचाही प्रश्न आहे, आणि तो फार सोपा असून दुर्लक्षित राहतो. पियानोच्या पांढऱ्या पट्टीची रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर असते, त्यामुळे एका सा पासून वरच्या सा पर्यंतचे अंतर पट्टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरते. या वयाच्या अनेक मुलांचा हात तेवढा ताणला जात नाही, पाय पेडलपर्यंत पोहोचत नाहीत, आणि वरच्या ग्रेडच्या रचनांत या दोन्ही गोष्टी लागू लागतात. मुले मग मनगट आवळून आणि खांदे वर चढवून कशीबशी वेळ निभावतात. ती आवळलेली सवय पुढे सोडवायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात एक ग्रेड आरामात झाली असती. आपल्या मुलीच्या पायाखाली वाजवताना चौरंग किंवा पाट आहे का? नसेल तर आजच ठेवा. आणि घरी हलक्या पट्ट्यांचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असेल, तर परीक्षेचे शुल्क बाजूला ठेवून ८८ वजनदार पट्ट्यांच्या डिजिटल पियानोसाठी पैसे साठवा, कारण हळू आणि जोरात यांतला फरक बोटांनी करायला ती त्यावरच शिकेल.

बरोबरीची मुले पुढे गेली, या भीतीबद्दल दोन गोष्टी सांगते. एबीआरएसएमच्या प्रात्यक्षिक परीक्षेला किमान वयाची अट नाही आणि आधीच्या ग्रेड दिलेल्या असण्याचीही अट नाही. आज थांबून चार वर्षांनी थेट ग्रेड ५ दिली तरी कोणी विचारणार नाही की मधल्या ग्रेड कुठे आहेत. दुसरे असे की तिथे ग्रेड ६ पासून पुढे जायला ग्रेड ५ ची थिअरी, म्हणजे संगीतलेखनाच्या नियमांची परीक्षा, किंवा तिच्या समकक्ष मानलेली परीक्षा आधी उत्तीर्ण व्हावी लागते. त्या थिअरीत आल्टो आणि टेनर क्लेफ (पियानोच्या पुस्तकांत न दिसणाऱ्या, स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या खुणा) येतात, रचना सा बदलून दुसऱ्या पट्टीत नेणे येते. नवव्या वर्षी धावत पाचवीपर्यंत आलेली मुले इथे अडकतात, कंटाळतात, आणि पुष्कळ जण इथेच पियानो सोडतात. सोसायटीतली जी मुले आज पुढे दिसत आहेत, त्यांना माझ्या मनापासून शुभेच्छा आहेत, पण त्यांच्याकडे पाहून आपला वेग ठरवू नका.

सोडून देण्याची सवय लागेल का? मला वाटते ही आपली खरी काळजी आहे आणि ती रास्त आहे. म्हणून मी सरावात सूट द्या असे सुचवत नाही. रोज वीस मिनिटे, ठरलेल्या वेळी, शक्यतो शाळेतून येऊन खाणे झाल्यावर, रात्रीच्या पेंगुळलेल्या वेळी नव्हे. आणि ही वीस मिनिटे दात घासण्याइतकी पक्की असावीत. तिला स्पष्ट सांगा की परीक्षा यंदा नाही, पियानो मात्र रोज आहे. यातून ती हार मानायला शिकणार नाही. उलट, शिकणे हे परीक्षेच्या तारखेवर अवलंबून नसते, हे ती आपल्या घरात प्रत्यक्ष पाहील.

त्या वीस मिनिटांत काय करावे, हे शिक्षकांशी बोलून ठरवा, पण माझी पद्धत सांगते. पहिली पाच-सात मिनिटे तिच्या सध्याच्या पातळीहून बऱ्याच सोप्या पुस्तकातला एक नवा छोटा तुकडा, न थांबता, चुकला तरी पुढे जात वाचायचा, आणि दुसऱ्या दिवशी नवीन घ्यायचा. मग चालू असलेली रचना. शेवटी काहीतरी कानाने शोधायचे. पुण्यात यासाठी दूर जावे लागत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत सोसायटीत ज्या आरत्या होतात, त्यांपैकी एकीची चाल उजव्या हाताने शोधायला सांगा, सापडली की डाव्या हाताने एखादा स्वर धरायला सांगा. हार्मोनियम वाजवणारे एखादे काका शेजारी असतील तर तिला त्यांच्याजवळ बसवा. पांढरी चार आणि काळी एक, म्हणजे सा कुठे धरायचा त्याची नावे, ती तिथे ऐकेल आणि हीच चाल सा बदलून दुसऱ्या पट्टीतून वाजवून पाहील. स्केल्सचे महत्त्व तिला त्या दिवशी न सांगता कळेल. आपल्यापैकी एकाने सोप्या द्वंद्ववादनाची, म्हणजे दोघांनी मिळून वाजवायच्या रचनेची, एक बाजू शिकून घेतली तर फारच उत्तम, आपल्याला पूर्वी काही येत नसले तरी.

क्लासशी बोलताना वाद घालू नका, ग्रेड १ ची गुणपत्रिका घेऊन जा. एकूण आकडा बाजूला ठेवून साइट-रीडिंगचे गुण आणि परीक्षकाने लिहिलेला शेरा वाचा. तो शेरा हा या परीक्षांचा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि बहुतेक घरांत तो वाचला जात नाही. मग शिक्षकांना विचारा की गेल्या वर्षभरात परीक्षेच्या पीसेसखेरीज हिने काय काय वाजवले. पंधरा-वीस छोट्या रचना सांगितल्या गेल्या तर क्लास चांगला आहे, आपला निर्णय ते समजून घेतील. उत्तर मिळाले नाही, किंवा परीक्षा नसेल तर जागा ठेवता येणार नाही असे सांगण्यात आले, तर दुसरे शिक्षक शोधा, भले ते घरापासून थोडे दूर असोत आणि त्यांच्या दारावर फलक नसो.

परीक्षेचा विचार पुन्हा कधी करावा, यासाठी मी वय पाहत नाही. ग्रेड १ च्या पातळीचे अनोळखी पान समोर आल्यावर ती अर्धा मिनिट त्याकडे पाहून, संथ गतीने का होईना, शेवटपर्यंत न थांबता वाजवू लागली, आणि मला परीक्षा द्यायची आहे असे तिने स्वतःहून म्हटले, की मग ग्रेड २ ची किंवा ३ ची पुस्तके आणा, त्यातल्या सगळ्या रचना तिला एकदा ऐकवा आणि तिन्ही पीसेस तिलाच निवडू द्या.