गोव्यात मुलींच्या फुटबॉलला खरंच पाठिंबा वाढलाय का? सातवीतल्या मुलीला पाठवावं का?

पाठवा. पाठिंबा वाढलाय, हेही खरं. पण पेपरात फोटोसकट छापून येणारा पाठिंबा वेगळा आणि संध्याकाळी सव्वापाच वाजता मैदानावर लागतो तो वेगळा. दुसरा किती आहे, ते मैदानावर जाऊनच कळतं.

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे कोल्हापूरहून फोंड्याला आलात, मुलगी शाळेत मधल्या सुटीत मुलग्यांबरोबर खेळते, आणि तुमच्या आईंचं म्हणणं, खो-खो, कबड्डी ठीक आहे, फुटबॉल कशाला? कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलचं वेड मी काय सांगणार! पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलेलंच असणार. तुमच्या शहराच्या नावाचा एफसी कोल्हापूर सिटी हा महिला संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये, म्हणजे देशाच्या महिला लीगमध्ये, खेळलाय, हेही आजींना सांगा.

मी फोंडा तालुक्यातच राहते, स्वतः कधी खेळले नाही. मुलींचा संघ बाहेरगावी जाताना बरोबर एक बाई लागते. शेजारच्या मुलीच्या आईने मला त्या कामाला जुंपलं आणि मी 'मॅनेजर' झाले, ती आजतागायत आहे. मॅनेजर म्हणजे ओळखपत्रं, पाण्याच्या बाटल्या, बर्फ, पट्ट्या आणि सॅनिटरी पॅड असलेली बॅग सांभाळणारी बाई. त्यामुळे पुढचं सगळं रेषेबाहेर उभं राहून पाहिलेलं आहे.

आमच्या गावच्या मैदानाची संध्याकाळ सांगते, म्हणजे मुद्दा कळेल. मुली साडेचारला येतात, उन्हात. सव्वापाच झाले की पुरुषांच्या संघातले दोघेतिघे बाइकवरून येतात, कंपाउंडच्या भिंतीवर बसून बुटांच्या नाड्या बांधतात. वाईट कोणीच नाही, उलट 'बरीं खेळटात गो चेडवां' असं कौतुकही करतात. मग एक जण मुलींच्या गोलामागे चेंडू हवेत खेळवत उभा राहतो. मग दोघे पासिंग करू लागतात, मग त्यांचा चेंडू मुलींच्या मॅचमध्ये येतो. मुलींचा कोच सरावाचे शंकू उचलून अर्ध्या मैदानात सरकवतो, पंधरा मिनिटांनी कोपऱ्यात. साडेसहाला पुरुष पूर्ण जमले की फ्लडलाइट लागतात, तोवर मुली बॅगा आवरत असतात. कोणी कोणाला 'जा' म्हटलेलं नसतं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्याच वर्षांत गावच्या फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) मुलींची 'एक्झिबिशन मॅच'ही व्हायची. पुरुषांच्या फायनलआधी वीस-वीस मिनिटं, मग पुढाऱ्याचं भाषण. भाषण हाफ टाइमपेक्षा लांब असायचं.

म्हणून मला कोणी विचारलं की पाठिंबा किती, तर मी टाळ्या मोजत नाही, मैदान कोणाला किती वाजता मिळतं ते बघते. ह्या खेळाचा इतिहासही तेच सांगतो. १९२० च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' ह्या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना बघायला ५३,००० लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की आपल्या सभासद क्लबांची मैदानं बायकांना द्यायची नाहीत. पन्नासेक वर्षं तो ठराव टिकला. प्रेक्षक होते, पैसा गोळा होत होता, काढून घेतलं ते फक्त मैदान. तेवढ्यानेच सगळं थंड झालं.

आपल्याकडे तर बंदीचीही गरज पडली नाही. १९७५ मध्ये महिला फुटबॉलची वेगळी राष्ट्रीय संघटना निघाली होती, १९८० मध्ये कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली उपविजेत्या होत्या. गोव्याची योलांडा डिसोझा त्या सत्तरच्या दशकातली, भारताकडून खेळलेली. शांती मलिकला १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मग सामनेच फारसे होईनात. देशाची महिला लीग सुरू व्हायला २०१६-१७ उजाडलं. मधल्या काळात मणिपूरने आपल्या बळावर हा खेळ जिवंत ठेवला, बाकीच्यांनी (आपण गोंयकारही त्यात आलो) पुरुषांच्या क्लबांच्या नावाने जयजयकार केला. पुरुषांची राष्ट्रीय लीग गोव्याच्याच डेंपोने पाच वेळा, चर्चिल आणि साळगावकरने दोन-दोन वेळा जिंकली, सरकारने २०१२ मध्ये फुटबॉलला राज्याचा खेळ जाहीर केलं. आणि महिलांच्या लीगचं काय? सासष्टी तालुक्यातला शिरवडे क्लब २०२१-२२ च्या मोसमात उतरला होता. पण २०२३-२४ पासून ही लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर अशी पूर्ण स्वरूपात सुरू झाली, तेव्हा पहिल्या दोन्ही मोसमांत गोव्याचा एकही क्लब त्यात नव्हता. फुटबॉलवेड्या राज्याने ह्यावर जरा खाली मान घालायला हवी, असं मला वाटतं. आमची करिश्मा शिरवोईकर भारताच्या संघापर्यंत पोचली, पण क्लब फुटबॉलसाठी तिच्यासारख्यांना राज्याबाहेर जावं लागतं.

आता वाढलेला पाठिंबा.

२०२२ च्या ऑक्टोबरात १७ वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला, त्याचे दोन्ही उपांत्य सामने २६ तारखेला मडगावच्या आपल्या फातोर्डा स्टेडियमवर होते, ऐन दिवाळीत. भारताचे सामने भुवनेश्वरला झाले होते आणि आपल्या मुली अमेरिकेकडून ८-०, ब्राझीलकडून ५-० अशा हरून स्पर्धेबाहेर गेल्या होत्या. म्हणजे फातोर्ड्याला जे आले ते परक्या मुलींचा खेळ बघायला आले होते. कोलंबिया आणि नायजेरियाचा सामना गोलशून्य राहिला, पेनल्टीवर कोलंबियाने ६-५ असा काढला. दुसऱ्यात स्पेनने जर्मनीला अगदी शेवटच्या मिनिटांत १-० ने हरवलं. आमच्या मुलींपैकी काहींना आम्ही घेऊन गेलो होतो. त्यांना गोलांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. आमची गोलकीपर मला म्हणाली, 'बाई, ती किती मोठ्याने ओरडते बघा, आणि कोणी तिला गप्प बस म्हणत नाही.' नायजेरियाची गोलकीपर आपल्या बचावफळीला झापत होती. पुढच्या आठवड्यात आमचं मैदान दणाणून गेलं.

देशाच्या पातळीवर बोलायचं तर ५ जुलै २०२५ ला भारतीय महिला संघाने थायलंडला त्यांच्याच घरी, चियांग मायला, २-१ ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या विजयाने २०२६ च्या आशियाई करंडकात प्रवेश मिळाला, आणि पात्रता फेरी खेळून तिथे पोचण्याची भारताची ही पहिलीच वेळ. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेला आता राजमाता जिजाबाई करंडक असं नाव आहे, हे तुमच्या आईंना नक्की आवडेल. मनीषा कल्याण सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून. विमेन्स लीगमधल्या खेळाडूंचा किमान करार वर्षाला ३.२ लाखांचा असावा, असं भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये ठरवलं. पुरुषांच्या आयएसएल लीगच्या आकड्यांपुढे हे काहीच नाही, पण आधी एवढंही लिहून दिलेलं नव्हतं.

गावात काय बदललं? आमच्याकडे एक साधी गोष्ट झाली. काही आयांनी पंचायतीत अर्ज दिला आणि मैदानाच्या वहीत मंगळवार, शुक्रवार पाच ते साडेसहा ही वेळ मुलींच्या नावावर लिहून घेतली. पुरुषांच्या संघाने कुरकुर केली, मग त्यांच्यातलाच एक जण गोलकीपिंग शिकवायला येऊ लागला. वेळ पक्की झाल्यावर संघात मुली वाढल्या. पालकांना नेमकं किती वाजता न्यायला यायचं ते कळलं, एवढंच कारण. पोरी 'कुठे भटकतात' हा प्रश्न वेळापत्रकानेच मिटला.

तुम्ही ज्या ठिकाणी पाठवणार असाल तिथे हेच बघा. कोच कोण, त्याने कुठे नाव कमावलं, हे नंतर. मुलींची वेळ कुठे लिहिलेली आहे का, दिवे त्यांच्यासाठी लागतात का, कपडे बदलायला बंद होणारं दार आहे का. आमच्या मैदानावरच्या शौचालयाला कडी नव्हती, दोन मुली बाहेर पहारा द्यायच्या. आणि परतीचं काय, हे फोंडा, डिचोली, सांगे भागात फार महत्त्वाचं. आडवाटेच्या वाड्यांकडे संध्याकाळनंतर बस मिळत नाही. आम्ही पालक पाळीपाळीने गाड्या काढतो.

पाळीवरून आठवलं. तुम्ही वडील आहात, तरी हे तुम्हाला माहीत हवं. आमच्या मुलींना सुरुवातीला मुलग्यांच्या संघाचे जुने कपडे मिळाले होते, खांदे कोपरापर्यंत यायचे आणि चड्ड्या पांढऱ्या. महिन्याचे चार दिवस अर्ध्या मुली 'पोटात दुखतं' म्हणून येत नसत. निळ्या चड्ड्या शिवून घेतल्या आणि ते दुखणं बरंच कमी झालं. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघानेही २०२३ मध्ये पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या घेतल्या त्या ह्याच कारणाने, तेव्हा लाजण्यासारखं काही नाही. चड्डीखाली लेगिंग्ज घालायच्या असतील तर घालू द्या. आजींचा निम्मा विरोध तिथेच मावळेल.

अभ्यासाचं तुम्ही विचारलंय. गळती होते ती दहावीला, हे खरं. नववीच्या सुटीपासून क्लासेस लागतात, आणि पहिला बळी मैदानाचा जातो. मुलग्यांचाही जातो, पण ते अकरावीत परत येतात, मुली येत नाहीत. का, ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही. बहुधा त्या वर्षभरात घरच्यांना तिच्या घरी असण्याची सवय होते. आमच्यातल्या ज्या टिकल्या त्यांच्या पालकांनी दहावीतही आठवड्यातले दोन दिवस सोडले नाहीत. गोवा बोर्ड खेळाडूंना क्रीडा गुण देतं, ते कसे मिळतात ते शाळेच्या पीटीच्या शिक्षकांना नववीतच विचारून ठेवा, कागद वेळेवर जावे लागतात. पोटापाण्याचं गणित मात्र ह्या खेळावर आत्ता मांडू नका. त्या ३.२ लाखांपर्यंत पोचणाऱ्या मुली देशात मोजक्याच.

सुरुवात शाळेतूनच करा. सुब्रतो कप शालेय स्पर्धेत १७ वर्षांखालच्या मुलींचा गट आहे, आपल्याकडे त्याचे तालुका पातळीवरचे सामने पावसाळ्यात होतात. शाळेचा मुलींचा संघ नसेल तर शिक्षकांना जूनमध्येच गाठा, जुलैत फार उशीर होतो. आणि मुलग्यांबरोबरचं तिचं खेळणं बंद करू नका. ह्या वयात त्याने पाय झटपट चालायला लागतात.

बूट महागडे घेऊ नका, वर्षात पाय वाढेल. आपली मैदानं पावसाळा सोडला तर लाल, कडक आणि खड्यांची. तिथे लांब स्टडचे (तळाला उंचवटे असलेले) बूट घातले की टाच आणि गुडघा दोन्ही बोलतात, आखूड रबरी स्टडचे घ्या. नडगीला बांधायचे शिनगार्ड पहिल्या दिवसापासून. गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलींना मुलग्यांपेक्षा जास्त होते, वयात येताना विशेष. त्यासाठी 'फिफा ११+' नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे, धावणं, एका पायावर तोल, उड्या, मांड्यांचे व्यायाम, साधन काही लागत नाही. कोच तो करून घेत नसेल तर तुम्ही सांगा. नाहीच ऐकलं तर ती घरी अंगणात करू शकते. आजीला शेजारी खुर्चीवर बसवून आकडे मोजायला सांगा.