फेल्स्पारची पूड म्हणजे पोटॅश नव्हे

प्रश्न (आडसाली ऊस, शिरोळ): दुकानदार म्हणतो, म्युरेट (नेहमीचं पोटॅश खत) टाकणं सोडा, हे ‘खनिज पोटॅश’ एकरी चार पोती टाका. पोत्यावर 10 टक्के पोटॅश लिहिलंय. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. तुम्ही आणून दाखवलेली गुलाबीसर पूड फेल्स्पारची आहे. ग्रॅनाइटच्या फरशीत गुलाबी दाणे दिसतात ना, तेच खनिज. फरशी, काच आणि चिनी मातीच्या कारखान्यांना ती लागते, उसाला नाही. त्यात पोटॅश आहे हे खरं. शुद्ध ऑर्थोक्लेज (पोटॅशवाला फेल्स्पार) असेल तर जवळजवळ 17 टक्के. पण ते सिलिकेच्या जाळ्यात कोंडलेलं असतं. तुमचा ऊस दीड वर्षात तुटणार, हा दगड झिजायला नातवंडांचा जन्मही पुरणार नाही.

विक्रेत्याला एवढंच विचारा, पाण्यात विरघळणारं पोटॅश किती? एकूण किती ते नको, विरघळणारं सांगा म्हणावं, आणि तो आकडा पक्क्या बिलावर लिहून मागा. घरीच ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड ढवळून बघा. म्युरेट विरघळतं, फार तर तळाशी थोडी लाल माती राहते. ही पूड सगळीच्या सगळी खाली बसते. ‘सोबत जिवाणू सोडा, मग विरघळेल’ हेही ऐकलं असेल. जिवाणू जमिनीत आहे त्यावरच काम करतात. त्यांच्यासाठी दगड विकत घ्यायला नको.

आडसालीला हेक्टरी 170 किलो पालाश (म्हणजे पोटॅशच), म्हणजे एकरी सव्वादोन पोती म्युरेट. निम्मं लागणीला, निम्मं मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना). त्यापुढे एक मूठ जास्त नको. आणि पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवू नका! एकरी तीन-चार टन पाचटात फुकटचं पोटॅश असतं, तेही सुटं. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात) सरीत दाबा. दर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो कुजवणारे जिवाणू. ज्यांनी तीन वर्षं पाचट ठेवलं, त्यांच्या जमिनीत हात घालून बघा, मग बोलू.

प्रश्न (द्राक्ष, निफाड): खालच्या पानांच्या कडा पिवळ्या, शिरा हिरव्या. दुकानदाराने पोटॅश कमी म्हणून 0:0:50 (पोटॅशचं विद्राव्य खत) दिलं, तरी पिवळेपणा वाढतोय.

उत्तर: वाढणारच. लक्षणं मॅग्नेशियमच्या कमतरतेची आहेत आणि जास्तीच्या पोटॅशने ती ओढवते. आपल्या काळ्या पाषाणातही फेल्स्पारच आहे, पण प्लॅजिओक्लेज. त्यात पोटॅश नावाला, चुना भरपूर. तोच शेतात चुनखडी होऊन बसलाय आणि मॅग्नेशियमला आणखी अडवतोय. 0:0:50 आजच बंद करा. देठ परीक्षण करा (पानांचे देठ प्रयोगशाळेत तपासून घ्या), मगच मॅग्नेशियम सल्फेट. मण्यात पाणी उतरायच्या आधी पोटॅशचा मारा करायचा नाही, दुकानदार काहीही म्हणो.

प्रश्न (नारळ, कुडाळ): आमच्याकडे तर ग्रॅनाइटसारखा खडक आहे, मग पोटॅश का टाकायचं?

उत्तर: तिथला फेल्स्पार पावसाने केव्हाच कुजून शेडू (पांढरी चिनी माती) झाला, पोटॅश वाहून गेलं. म्हणून टाकायचं, पण हप्त्यांनी. सगळं जूनमध्ये ओतलंत तर समुद्राला खत घातलंत.

मृद आरोग्य पत्रिकेत 12 घटकांची तपासणी होते, नमुना सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) द्या. खत टाकल्यावर लगेच नमुना काढू नका.