गुंतलेल्या फोटॉनवर किती बिट मावतात?

प्रश्न: गुंतलेल्या दोन फोटॉनपैकी (प्रकाशकणांपैकी) एकाला हात लावला की दुसऱ्याला तत्क्षणी कळतं, असं वाचलं. मग संभाजीनगरहून जालन्याला क्षणात निरोप जाईल का? आणि एका फोटॉनवर माहिती मावते किती?
– एक वाचक, परभणी

उत्तर: क्षणात निरोप जात नाही. जोडीतला एक फोटॉन संभाजीनगरला, दुसरा जालन्यात धरा. जालन्यातल्या फोटॉनचं ध्रुवीकरण (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) मोजलं, तर निम्म्या वेळा आडवं येतं, निम्म्या वेळा उभं. संभाजीनगरला काहीही करा, हे प्रमाण हलत नाही. नातं दिसतं ते दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर, आणि त्या कळवायला शेवटी फोनच लागतो.

आता माप. एकट्या फोटॉनच्या ध्रुवीकरणातून जास्तीत जास्त १ बिट, म्हणजे एका हो-नाहीइतकी माहिती निघते (गणितज्ञ होलेव्हो, १९७३). जोडीतला एक फोटॉन आधीच जालन्यात असेल, तर संभाजीनगरहून पाठवलेल्या दुसऱ्यावर २ बिट चढवता येतात, हे बेनेट आणि विझनर यांनी १९९२ मध्ये दाखवलं. कृती सोपी आहे: फोटॉन तसाच सोडा, हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवीकरण बदलणारी चकती) ० अंशावर लावा, ४५ अंशावर लावा, किंवा दोन्ही लावा. चार कृतींनी जोडीच्या चार वेगळ्या अवस्था होतात, म्हणजे चार निरोप, २ बिट.

घोडं अडतं ते वाचताना. बीम स्प्लिटर (अर्धा प्रकाश पार सोडणारा, अर्धा परतवणारा आरसा) आणि साध्या डिटेक्टरने चारपैकी दोनच अवस्था ओळखता येतात; उरलेल्या दोन सारख्याच दिसतात. म्हणजे तीनच निरोप, १.५८५ बिट. १९९६ च्या इन्सब्रुकच्या प्रयोगात प्रत्यक्षात १.१३ बिटच हाती लागले. ही ओळख फोटॉनांच्या व्यतिकरणावर (लहरी एकमेकींत मिसळण्यावर) चालते, म्हणून दोन्ही फोटॉन स्प्लिटरवर एकाच वेळी पोचावे लागतात. फिल्टर ३ नॅनोमीटरचा असेल, तर वाटांमध्ये शे-दोनशे मायक्रोमीटरचा फरकही व्यतिकरण मोडतो.

फायबरचा हिशेब तर याहून कडू. संभाजीनगर–जालना ६० किमी धरा. १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डेसिबल (प्रकाशातली घट मोजायचं माप), म्हणजे १२ डेसिबल घट; शंभरातले सहाच फोटॉन पोचतात. इथे तर दोघांनाही जालन्यात यायचंय. एक थेट येतो, दुसरा आधी संभाजीनगरला जाऊन मग येतो. जोडीचा उगम या वाटेवर कुठेही ठेवा, दोघांची मिळून चाल १२० किमीच भरते, आणि अडीचशे जोड्यांमागे एक पुरी पोचते. आधी आलेला फोटॉन थोपवून धरण्यातली घट वेगळीच. वाटेत अँप्लिफायर लावावा, तर अनोळखी अवस्थेची हुबेहूब प्रत निघत नाही. त्यामुळे नुसते जास्त बिट हवे असतील, तर या अंतरावर साधा लेझरच बरा.