ग्राफ एपीआयमधून युजरचं नाव-ईमेल येतं, पण डिपार्टमेंट आणि एम्प्लॉयी आयडी नल का?

तुम्ही म्हणता, सी-शार्पमधल्या सर्व्हिसमधून मायक्रोसॉफ्ट ग्राफला (कंपनीच्या युजरची माहिती देणारा मायक्रोसॉफ्टचा एपीआय) विचारलं की नाव, ईमेल, पदनाम नीट येतं. डिपार्टमेंट आणि एम्प्लॉयी आयडी मात्र प्रत्येकाचेच नल, म्हणजे काहीच नाही.

आधी ऑब्जेक्ट सोडा आणि कच्चा जेसन, म्हणजे ग्राफकडून आलेलं मूळ मजकुरी उत्तर, बघा. सी-शार्पमध्ये 'फील्ड आलंच नाही' आणि 'आलं पण रिकामं आलं' या दोन्ही गोष्टी नलच दिसतात. जेसनमध्ये फरक लगेच कळतो. माझी पैज पहिल्या शक्यतेवर आहे. ग्राफ न मागता युजरची मोजकीच फील्ड्स देतो: आयडी, नाव, आडनाव, पदनाम, ईमेल, फोन, ऑफिस वगैरे. डिपार्टमेंट आणि एम्प्लॉयी आयडी त्यात नाहीत. यूआरएलमध्ये डॉलर-सिलेक्ट ($select) लावून ती नावानं मागावी लागतात, आणि एकदा सिलेक्ट लावलं की नाव-ईमेलही त्याच यादीत घाला, नाहीतर तीच गायब होतील. मॅनेजर हवा असेल तर सिलेक्टनं भागत नाही, तिथे एक्स्पांड ($expand) लागतं. टर्मिनलवरून कर्लनं (यूआरएलला विनंती पाठवणारी कमांड) तपासत असाल तर यूआरएल सिंगल कोट्समध्ये ठेवा. डबल कोट्समध्ये शेल डॉलर-सिलेक्टला स्वतःचं व्हेरिएबल समजून गिळून टाकतं. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे.

परवानगीही बघून घ्या. 'युजर-रीडबेसिक-ऑल'वर डिपार्टमेंट मिळत नाही, 'युजर-रीड-ऑल' हवी, आणि तिला ॲडमिनची संमती लागते. ग्राफ एक्स्प्लोररमध्ये (ग्राफ ब्राउझरमधून तपासायचं मायक्रोसॉफ्टचं पान) सगळं दिसतंय म्हणून खूश होऊ नका. तिथे तुम्ही स्वतः लॉगिन असता, सर्व्हिस ॲपच्या नावानं जाते. सर्व्हिसचं टोकन (ग्राफला दाखवायचा तिचा डिजिटल पास) उघडून त्यातल्या रोल्समध्ये, म्हणजे ॲपला मिळालेल्या परवानग्यांत, काय लिहिलंय ते वाचा.

एवढं करूनही जेसनमध्ये फील्ड दिसतंय पण नल आहे? मग कोडला हात लावू नका, डेटा तपासा. आमच्याकडे एचआरनं नंबर ऑन-प्रेम ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरची युजरची नोंदवही) 'एम्प्लॉयी-नंबर'मध्ये भरला होता. 'एम्प्लॉयी-आयडी' हे तिथलं वेगळंच ॲट्रिब्यूट, ते कोरं. मी आठवडाभर सर्व्हिसला शिव्या घालत होतो. शिवाय या डिरेक्टरीतून क्लाउडकडे जाणारं सिंक डीफॉल्टनं दर 30 मिनिटांनी चालतं, त्यामुळे ॲडमिननं आत्ता भरलं आणि तुम्ही लगेच तपासलं तर जुनंच दिसेल.

आणि हो, सगळ्या युजरची यादी आणत असाल तर एका पानात डीफॉल्ट 100च येतात, टॉप ($top, पानातली संख्या) वाढवलं तरी जास्तीत जास्त 999. पुढच्या पानाची लिंक उत्तरातच येते, ती संपेपर्यंत फिरत राहा.